वाटाण्याचा डेमो: गेम पिच करण्याआधी दादासाहेब फाळके समजून घ्या

मी आणि माझा मित्र लालबागच्या चाळीत बसून दोन वर्षं एक गेम बनवतोय. मागच्या वर्षी तो घेऊन एका गेमिंग इव्हेंटला गेलो. स्टॉलवर लोक यायचे आणि ट्युटोरियल संपायच्या आत निघून जायचे. एका पब्लिशरने दहा मिनिटं दिली, त्यातली सात मी गोष्ट सांगण्यात घालवली. गेम दाखवायचा राहूनच गेला.

परत येताना दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोडची पाटी दिसली. नाव शाळेपासून माहीत होतं, पण या माणसाने पैसे कसे उभे केले हे कधी वाचलं नव्हतं. वाचलं, आणि आपलं कुठे चुकलं ते कळलं.

आधी थोडी ओळख

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी, छपाई, अगदी जादूचे प्रयोगही केले. छपाईचा धंदा भागीदारांशी न पटल्याने सोडला. अशात गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं, आपल्या देवांच्या गोष्टी पडद्यावर आणायच्या. तेव्हा वय होतं चाळिशीचं.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले, चित्रीकरण शिकले आणि विल्यमसन कॅमेरा मागवला. परत आले तेव्हा कॅमेरा होता, पण सिनेमा काढायला पैसे नव्हते.

पहिला शो: पैसेवाल्यांसाठी

आता खरी गंमत बघा. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्राची गोष्ट घोळवत बसण्याऐवजी कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा समोर ठेवून महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण केलं. साधारण मिनिटभराच्या फिल्ममध्ये बी फुटतं, कोंब येतो, वेल चढतो. नाव ‘अंकुराची वाढ’. आज हाच प्रकार आपल्या फोनमध्ये टाइमलॅप्स म्हणून एका टॅपवर होतो. तेव्हा हाताने किती काम असेल? सेकंदाला 16 फ्रेम धरल्या तर मिनिटाला 960, म्हणजे महिनाभर रोज तीसेक फ्रेम.

ही फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले. पैसेवाल्याची शंका एकच होती: या माणसाला हे तंत्र जमतं का? वाटाण्याने उत्तर दिलं. तरी पैसे पुरले नाहीत आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पण याच जोरावर दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला, सुमारे 3,700 फूट लांबीचा.

दुसरा आणि तिसरा शो

21 एप्रिल 1913 ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये खास निमंत्रितांसाठी खेळ ठेवला, त्यात वर्तमानपत्रांचे संपादकही होते. म्हणजे आजच्या भाषेत प्रेस प्रिव्ह्यू. 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो तिकीट लावून लोकांसमोर आला. सोबत नाच आणि कसरतींचे कार्यक्रमही होते, म्हणजे सिनेमा नाही आवडला तरी पैसे वसूल!

सुरतेत मात्र गल्ला जमेना. नाटक सहा तास चालतं, हे दीड तासात संपतं, असा हिशोब होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात फिरवली असं सांगतात: तीन आण्यांत 57,000 फोटो, दोन मैल लांब! मी गणित करून पाहिलं. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात, म्हणून 3,700 फुटांत 59,000 च्या आसपास. फोटोंचा आकडा बरोबर. दोन मैल मात्र ताणलेले, कारण 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलही नाही.

पण पिच जिंकली म्हणजे सगळं जिंकलं का?

नाही. 1918 मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला आणि मतभेदही आले. फाळके कंपनी सोडून गेले, पुन्हा परतले. 1937 च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट केला नाही. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते वारले, तेव्हा सिनेमाचा धंदा त्यांच्याशिवाय पुढे निघून गेला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये.

आजही रस्ता सोपा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले, रक्कम पूर्ण झाली नाही. तरी गेम 2020 मध्ये निन्टेंडो स्विचवर आलाच.

आम्ही काय बदललं?

ट्युटोरियल काढलं. गेममधली सगळ्यात अवघड आणि वेगळी एकच गोष्ट घेऊन साठ सेकंदांचा डेमो केला, तो थेट हातात द्यायचा. पब्लिशर, प्रेस आणि प्लेअर यांना दाखवायच्या गोष्टी वेगळ्या केल्या. आणि कोणी पैसे देतो म्हणाला, तर गेमचा मालक कोण राहणार हे सही करण्याआधी विचारायचं, असं दोघांनी ठरवलंय.

तुम्हीही काही बनवताय? मग आधी तुमचा वाटाणा कोणता ते शोधा.