फझलुर रहमान खान : गगनचुंबी इमारतींचा शिल्पकार

अमेरिकेतील शिकागो शहरात जॅक्सन आणि फ्रँकलिन हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे एक नामफलक आहे. शहराने 1998 साली त्या जागेला फझलुर आर. खान यांचे नाव दिले. फलकाशेजारी 442 मीटर उंचीची, 110 मजल्यांची काळीभोर इमारत उभी आहे. सिअर्स टॉवर म्हणून ती जगभर ओळखली गेली. 1973 साली तिचा सांगाडा पुरा झाला, तेव्हापासून जवळजवळ पंचवीस वर्षे जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे होता. तो 1998 साली मलेशियातील पेट्रोनास मनोऱ्यांकडे गेला. हा प्रचंड डोलारा वाऱ्यापावसात कसा उभा राहील, याचे गणित ज्यांनी मांडले ते ढाक्याच्या एका गणितशिक्षकाचे चिरंजीव होते.

फझलुर रहमान खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929 रोजी झाला. त्यांचे घराणे पूर्व बंगालमधील फरीदपूर भागातले. वडील खानबहादूर अब्दुर रहमान खान हे गणिताचे नामांकित शिक्षक व पाठ्यपुस्तकांचे लेखक होते. पुढे ते शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर चढले आणि ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्यही झाले. मुलाने शाळेतला गृहपाठ संपवला की वडील त्याच उदाहरणाला थोडे वाढवून नवा प्रश्न घालीत. एका प्रश्नाकडे अनेक बाजूंनी पाहण्याची जी सवय लागली ती या घरच्या शाळेत. आरमानीटोला शाळेतून बाहेर पडताना फझलुर यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. वडिलांच्या सल्ल्याने त्यांनी अभियांत्रिकीची वाट धरली आणि कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला.

फाळणीनंतरचा तो काळ. 1950 साली बंगालच्या दोन्ही भागांत दंगली उसळल्या आणि ऐन शेवटच्या परीक्षेच्या सुमारास त्यांना शिबपूर सोडून ढाक्याला परतावे लागले. वर्ष वाया जाण्याची वेळ आली होती. ढाक्याच्या अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजने अशा विद्यार्थ्यांची अडचण ओळखून परीक्षेची सोय केली. फझलुर पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले व त्याच कॉलेजात शिकवू लागले. एखादी शिक्षणसंस्था योग्य वेळी दार उघडे ठेवते तेव्हा केवढे काम होऊन जाते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

1952 साली त्यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती आणि पाकिस्तान सरकारची शिष्यवृत्ती अशा दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. तीन वर्षांत त्यांनी दोन विषयांतील मास्टर्स पदव्या आणि संरचना-अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवली. 1955 साली शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकार कंपनीत त्यांनी नोकरी धरली.

त्यानंतर त्यांच्या आयुष्यात कसोटीचा प्रसंग आला. ज्या देशाने शिष्यवृत्ती दिली त्याच्या उपयोगी पडावे म्हणून 1957 साली ते पाकिस्तानात परतले आणि कराची विकास प्राधिकरणात अधिकारी झाले. हुद्दा मोठा होता, पण टेबलावर येई ती फायलींची कारकुनी. इमारतींची गणिते मांडण्याची संधी जवळपास नव्हतीच. 1960 साली ते पुन्हा शिकागोच्या जुन्या कंपनीत रुजू झाले. मायदेशाला एक कुशल अभियंता मुकला, तो असा.

त्यांनी केले काय, हे समजण्यासाठी उंच इमारतीची अडचण आधी ध्यानी घेतली पाहिजे. इमारतीचे वजन खांब सहज पेलतात. खरा शत्रू वारा. इमारतीची उंची दुप्पट झाली की तिला पायाशी उलथवू पाहणारा वाऱ्याचा जोर सुमारे चौपट होतो. जुन्या पद्धतीत खांब आणि तुळया यांचे जाळे इमारतीच्या पोटात सर्वत्र पसरलेले असे. उंची वाढेल तसे हे जाळे जाडजूड करावे लागे, पोलादाचा खर्च बेसुमार वाढे आणि आतली जागा खांबांनीच अडे. त्यामुळे 1931 साली एम्पायर स्टेट इमारत उभी राहिल्यावर जवळजवळ चाळीस वर्षे तिच्यापुढे कोणी गेले नाही.

खान यांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. आपल्याकडचा कळक पाहा. आतून पोकळ, तरी वादळात वाकतो पण मोडत नाही. कारण त्याची सारी ताकद बाहेरच्या सालीत असते. इमारतीचे खांबही आतून काढून बाहेरच्या भिंतीत जवळजवळ उभे केले आणि प्रत्येक मजल्यावर तुळयांनी घट्ट जखडले, तर सारी इमारत जमिनीत रोवलेल्या एका पोकळ नळीसारखी वागेल. वाऱ्याला तोंड देण्याचे काम बाहेरची भिंत करील आणि आतली जागा मोकळी मिळेल. शिकागोतील डेविट-चेस्टनट ही 43 मजल्यांची काँक्रीटची निवासी इमारत त्यांनी 1960 नंतरच्या दशकात याच तत्त्वावर उभी केली. तिचे बाहेरचे खांब एकमेकांपासून अवघ्या साडेपाच फुटांवर आहेत.

पुढची पायरी म्हणजे जॉन हँकॉक सेंटर. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम आणि अभियंता खान या जोडीने शंभर मजल्यांची ही इमारत योजली. दुकाने, मोटारतळ, कचेऱ्या आणि राहती घरे, सारे एकाच छपराखाली. येथे खान यांनी बाहेरच्या भिंतींवर फुलीच्या आकाराचे प्रचंड तिरपे पोलादी बंध घातले. त्यामुळे चारही भिंती एकजीव झाल्या. काही खिडक्यांसमोर हे बंध आडवे येणार, मग भाडेकरू मिळतील का, अशी शंका होती. पुढे त्या फुल्या हीच इमारतीची ओळख ठरली. एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटर जागेमागे सुमारे 206 किलो पोलाद लागले होते. येथे ते सुमारे 145 किलोंवर आले. बांधकाम चालू असताना पायातील एका स्तंभात दोष आढळून काम काही महिने थांबवावे लागले, पण इमारत निर्वेध पुरी झाली.

गणित बरोबर आले म्हणजे काम संपले, असे खान मानीत नसत. वाऱ्याने इमारत किंचित डोलते. ती कोसळणार नाही हे खरे. पण नव्वदाव्या मजल्यावर निजणाऱ्या माणसाला ते डोलणे सोसेल काय? हे कळावे म्हणून त्यांनी शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयातील फिरत्या मंचावर माणसे बसवून, हालचाल कितपत जाणवते याची पाहणी केली. त्या काळी नव्यानेच हाती आलेला संगणकही त्यांनी या आकडेमोडीसाठी राबवला.

आता सिअर्स टॉवरकडे वळू. सिअर्स, रोबक ही तेव्हा जगातील सर्वांत मोठी किरकोळ विक्री करणारी कंपनी होती. टपालाने माल पाठवून तिने अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत नाव कमावले होते. शिकागोत ठिकठिकाणी विखुरलेली आपली कचेरी एका जागी आणावी, असे तिने ठरवले. तिला स्वतःला खालचे ऐसपैस मजले हवे होते. वरचे मजले भाड्याने द्यायचे तर ते लहान असणे सोयीचे. एकाच इमारतीत या दोन गरजा कशा भागवाव्यात?

येथे खान यांनी आपली नळी एका पायरीने पुढे नेली. 225 फूट लांब-रुंद चौरसाची एकच पोकळ नळी केली, तर भिंतीच्या मधले खांब कोपऱ्यातल्या खांबांएवढे काम करीत नाहीत, अंग चोरतात. म्हणून त्यांनी एका नळीऐवजी नऊ नळ्यांची मोळी बांधली. प्रत्येक नळी 75 फूट लांब-रुंद, आणि शेजारच्या दोन नळ्यांची मधली भिंत सामाईक. सारा भार वाटला गेला. मोळीतील प्रत्येक नळी हव्या त्या उंचीवर थांबवता येते, हा आणखी एक फायदा. पन्नासाव्या मजल्याशी दोन नळ्या थांबल्या, सहासष्टाव्याशी आणखी दोन, नव्वदाव्याशी तीन, आणि उरलेल्या दोन माथ्यापर्यंत गेल्या. खाली मोठे मजले, वर लहान. ग्रॅहम यांनी मूठभर सिगारेटी हातात धरून, काही वर सरकवून ही कल्पना दाखवली, अशी आठवण सांगितली जाते.

1970 साली काम सुरू झाले. खडकापर्यंत 114 स्तंभ नेऊन पाया घातला गेला. पोलाद लागले सुमारे 76,000 टन. दोन मजले उंचीचा खांब आणि त्याला दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या तुळया, असे तयार भाग कारखान्यात जोडून आणले जात आणि जागेवर नुसते एकमेकांस बसवले जात. उंचावर वाऱ्यात उभे राहून करायचे वेल्डिंगचे काम त्यामुळे फार थोडे उरले. 3 मे 1973 रोजी शेवटची तुळई चढली. एवढी उंची गाठूनही पोलादाचे प्रमाण दर चौरस मीटरला सुमारे 161 किलो, म्हणजे एम्पायर स्टेटपेक्षा कमीच राहिले.

यशाच्या या दिवसांत ते जन्मभूमी विसरले नाहीत. 1967 साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. पण 1971 साली पूर्व बंगालमध्ये नरसंहार सुरू झाला, तेव्हा शिकागोतील बंगाली मंडळींना एकत्र करून त्यांनी निर्वासितांसाठी निधी उभारला आणि अमेरिकन लोकप्रतिनिधींपुढे बांगलादेशाची बाजू मांडली. रवींद्रनाथांच्या गीतांवर त्यांचे अतोनात प्रेम होते. त्यांच्या पत्नी लिझेलोटे मूळच्या ऑस्ट्रियाच्या. कन्या यास्मिन याही संरचना-अभियंता झाल्या आणि 2004 साली त्यांनी वडिलांच्या कार्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

खान यांचे अखेरचे मोठे काम सौदी अरबस्तानातील जेद्दा येथील विमानतळावरचे हज टर्मिनल. वर्षाकाठी थोड्याच दिवसांत लाखो यात्रेकरू येथे उतरतात. त्यांना वाळवंटी उन्हात कित्येक तास थांबावे लागते. एवढ्या मोठ्या जागेला भिंती घालून वातानुकूलन करणे परवडणारे नव्हते. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचतंतूंच्या मजबूत कापडाचे 210 तंबू पोलादी खांबांना टांगले. वाळवंटातील तंबूची जुनी रीत नव्या गणिताने उभी राहिली. कापड ऊन परतवते, गरम हवा तंबूच्या शेंड्यातून निघून जाते आणि खाली सावलीत वारा खेळतो. सुमारे 80,000 यात्रेकरूंना एका वेळी आसरा देणारे हे टर्मिनल 1981 साली खुले झाले. 1983 साली त्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तो पाहण्यास खान मात्र हयात नव्हते. 27 मार्च 1982 रोजी जेद्दा येथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्रेपन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. 1999 साली बांगलादेशाने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला.

ज्या कंपनीसाठी तो मनोरा उभारला, ती 1992 पासून तेथून उपनगरात हलली. 2009 साली इमारतीचे नावही बदलून विलिस टॉवर झाले. मालक आणि पाट्या बदलल्या, नऊ नळ्यांची मोळी तशीच उभी आहे, आणि खान यांच्या नळी-तत्त्वाचे वंशज देशोदेशी उंच इमारतींत दिसतात. आमच्या शाळा-महाविद्यालयांत आज जी मुले-मुली गणिताच्या तासाला बसतात, त्यांनी हे चरित्र जरूर वाचावे. उत्तर आले म्हणून वही मिटू नये. त्याच उदाहरणाला थोडे वाढवून पाहावे. खान यांना घरात मिळालेला पहिला धडा हाच होता.