वनस्पतींना नावे देणारा लिनीअस

स्वीडन देशातील रोशुल्ट या खेड्यात २३ मे १७०७ रोजी कार्ल लिनीअसचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांना बागेचा मोठा नाद होता. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु कार्लचे चित्त धर्मग्रंथांपेक्षा पानाफुलांतच अधिक रमे. शाळेतील इतर शिक्षकांनी त्याच्याविषयी आशा सोडली, तेव्हा रोथमन नावाच्या शिक्षकाने त्याची योग्यता ओळखली. रोथमन स्वतः वैद्य होता. त्याने कार्लला वैद्यकाकडे वळविले. १७२८ साली लिनीअस उप्साला येथील विद्यापीठात आला. तेथे त्याला इतके दारिद्र्य सोसावे लागले, की फाटक्या जोड्यांत कागद घालून तो चाले. तरीही त्याने वनस्पतींचा अभ्यास सोडला नाही.

त्या काळी वनस्पतीचे लॅटिन नाव म्हणजे पुष्कळदा एक लांबलचक वर्णनच असे. शिवाय निरनिराळे पंडित एकाच झाडाला निरनिराळी नावे देत. १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिनीअसने सुमारे ५,९०० वनस्पतींना प्रत्येकी दोनच शब्दांचे नाव दिले. त्यांतील पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा. आपल्या आंब्याला ‘मँजिफेरा इंडिका’ हे नाव मिळाले, ते याच ग्रंथात.

वनस्पतींचे वर्ग मात्र त्याने मुख्यतः फुलांतील पुंकेसर पाहून पाडले होते. ही रीत सोपी, पण सदोष होती. गहू आणि भात ही दोन्ही गवतेच. परंतु गव्हाच्या फुलात तीन व भाताच्या फुलात सहा पुंकेसर असतात. त्यामुळे ती दोन वर्गांत विभागली गेली आणि भाताच्या वर्गात कांदा येऊन बसला! ही वाटणी केवळ सोयीपुरती आहे, वनस्पतींचे खरे नाते अजून शोधावयाचे आहे, हे लिनीअस जाणून होता. तसे त्याने लिहूनही ठेवले.

१० जानेवारी १७७८ रोजी त्याचा अंत झाला. पुढे १७८९ साली फ्रान्समधील जुस्यू याने अनेक लक्षणे एकत्र विचारात घेऊन वनस्पतींची कुले मांडली. त्यांत गहू व भात एकाच कुलात आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ पेशींतील डी.एन.ए. हे आनुवंशिक द्रव्य तपासून ही नाती पारखू लागले, आणि कुलांची मांडणी पुन्हा बदलली. पूर्वी घाणेरीच्या कुलात गणली जाणारी निर्गुडी आता तुळशीच्या कुलात गणली जाते. कुल बदलले, तरी लिनीअसने निर्गुडीला दिलेले ‘व्हायटेक्स निगुंडो’ हे नाव कायम आहे.

लिनीअसने पाडलेले वर्ग मागे पडले. दोन शब्दांत नाव देण्याची त्याची पद्धत मात्र आज साऱ्या जगात चालते. जे काम आपल्या हातून पुरे झाले नाही, ते त्याने पुढच्या अभ्यासकांना मोकळेपणाने सांगितले. यातच त्याचा थोरपणा आहे.