बाबासाहेबांचा राग

छावणीतून निघालेली वाट पुढे दौलताबादला जाते. १९३४ साली, रमझानच्या महिन्यात, तीसएक जणांची एक मंडळी बसने हा परिसर पाहायला आली होती. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद दिसला. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. काहींनी हातपाय आणि तोंड धुतले. इतक्यात पांढऱ्याशुभ्र दाढीचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ मागून ओरडत आले. अस्पृश्यांनी हौद बाटवला, असा त्यांचा आरोप होता. बघता बघता जमाव जमला. पाहुण्यांना शिवीगाळ झालीच, त्यांना भेटायला आलेल्या गावातल्या दलितांनाही झाली. बाबासाहेबांनी बराच वेळ संयम राखला. मग मात्र त्यांचा आवाज चढला. तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का, असे त्यांनी विचारले. जमाव गप्प झाला. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

त्या जमावाला घरी गेल्यावर काय आठवले असेल? बहुधा सुटाबुटातला एक संतापलेला माणूस. बाबासाहेबांच्या बाबतीत हे जन्मभर झाले. त्यांचा राग सगळ्यांना दिसला. त्याच्या आड काय होते हे पाहायला थांबायची कुणाला गरज वाटली नाही.

लहानपणी हीच गत त्यांच्या हातून वडिलांची झाली होती. आई भीमाबाई गेली तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. सुभेदार रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून पोर धुमसत असे. बाप आईला विसरला, एवढेच त्या वयाला कळणार. पण हाच बाप मुलाने पुस्तक मागितले की पागोटे घालून बाहेर पडे. आधी धाकट्या लेकीकडे पैसे उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीच्या अंगावरचा एखादा दागिना मागून घ्यायचा, सावकाराकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचे आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत द्यायचा. मी बँकेत सोने तारणाच्या टेबलावर काही वर्षे बसलो आहे. बांगडी काढून ठेवणारा माणूस कधी फार मोठ्याने बोलतो, व्याजावरून भांडतो. नवा कारकून त्याला उद्धट समजतो. जुना कारकून मुकाट्याने वजन करतो.

१९१३ च्या आरंभी बडोद्यात असताना वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला येताना भीमराव सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. वृद्ध रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारीला डोळे मिटले. भीमराव आक्रोश करून रडले.

१९१७ साली पुन्हा बडोदा. परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीतून काठ्या घेतलेल्या लोकांनी अकराव्या दिवशी बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने घरात घेण्याचे टाळले. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते कमाटी बागेत बसून राहिले. अठरा वर्षांनी हा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला, तेव्हाही आठवणीने डोळे भरून येतात हे त्यांनी लपवले नाही.

जुलै १९२६ मध्ये धाकटा राजरत्न गेला. त्याआधी रमेश, गंगाधर आणि इंदू गेली होती. मित्र दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले मोडलेपण उघड केले. मग आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. विरोधकांना तिथे आडदांडपणा दिसला. चार लेकरे पुरलेला बाप कुणाला दिसला? १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि सभांतून बाबासाहेबांना पाषाणहृदयी ठरवण्यात आले. त्यांच्यासमोर एका बाजूला एक प्राण होता आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधींचे हक्क. २४ सप्टेंबरला त्यांनी पुणे करारावर सही केली. ती करताना काय वाटले असेल, याची चौकशी फारशी झाली नाही.

२७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. पंढरपूरला जायची त्यांची इच्छा होती. जिथे उंबऱ्याबाहेर थांबावे लागते तिथे कशाला जायचे, आपण आपले दुसरे पंढरपूर उभारू, असे ते त्यांना सांगत. त्या गेल्यावर त्यांनी मुंडण केले आणि खोलीत स्वतःला कोंडून घेतले. पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबरला, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. काहींनी तिला संतापाचा झटका म्हटले. आता कुणी तिला पत्नीवियोगाचे दुःख म्हणू लागेल, तर तीही तितकीच चूक. वेदना खरी होती म्हणून विचार खोटा ठरत नाही. झटक्यात बोललेला माणूस एकवीस वर्षे ग्रंथ वाचत बसत नाही. धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात.

त्या एकवीस वर्षांतच, १९५० मध्ये, त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. छावणीला लागून असलेल्या त्या परिसराला त्यांनी नागसेनवन म्हटले आणि महाविद्यालयाला मिलिंद. भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा, आणि उत्तर पटेपर्यंत ऐकून घेणारा राजा तो हाच. जिथे पाण्याला हात लावू नये म्हणून पाळत ठेवली होती, तो किल्ला तिथून काही मैलांवर आहे.