टिळकांची सबुरी

घरच्यांनी अद्यापि विश्वास धरिला नाही म्हणून टेंभुर्णीकडील आमचे काही बंधू त्यांच्यावर रागावतात. त्यांच्यासाठी हे लिहितो. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आप्तांकडेच राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीच्या घरी आल्या, पण सोवळे व स्वयंपाक निराळा ठेवून. टिळकांनी त्यास आडकाठी केली नाही, बाप्तिस्म्याची बळजोरीही केली नाही. स्वभावाने ते तापट, हे बाईंनीच ‘स्मृतिचित्रां’त लिहिले आहे, म्हणून तर ही सबुरी आम्हांस त्यांच्या अभंगांहून मोठी वाटते. १९०० साली बाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक प्रभूत निद्रिस्त झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्यास पुढे लक्ष्मीबाईंनीच ६४ अध्याय जोडिले.