हातांची भाषा शिकणारा शिक्षक

एका थोर शिक्षकाच्या जीवनकार्याचा आरंभ एका साध्या टोपीपासून झाला, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट यांचा जन्म १० डिसेंबर १७८७ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झाला. पुढें त्यांचें कुटुंब हार्टफर्ड येथें राहावयास गेलें. अवघ्या सतराव्या वर्षीं ते येल येथील पदवीधर झाले आणि १८१४ मध्यें धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करून उपदेशक होण्याच्या तयारीस लागले.

त्याच वर्षीं घरीं आले असतां अंगणांत खेळणारीं मुलें त्यांनीं पाहिलीं. त्यांत शेजारच्या डॉक्टर कॉग्सवेल यांची कन्या ॲलिस होती. तिचें वय आठ-नऊ वर्षांचें. बाळपणींच्या आजारानें तिची श्रवणशक्ति गेली होती. गॅलोडेट यांनीं आपली टोपी तिच्यापुढें धरली व काठीनें जमिनीवर त्या वस्तूचें नांव लिहिलें. पुन्हां टोपी, पुन्हां तींच अक्षरें. अखेर त्या रेघा म्हणजे ही वस्तु, हें मुलीस उमगलें. परंतु टोपी दाखवितां येते. कालचा दिवस, दया, शंका हीं कशीं दाखवावींत?

याचें उत्तर शोधण्यासाठीं कॉग्सवेल व इतर नागरिकांनीं वर्गणी जमवून १८१५ मध्यें त्यांना युरोपांत धाडलें. इंग्लंडांतील शिक्षकांनीं आपली पद्धति गुप्त ठेवण्याची अट घातली. ती त्यांना मान्य झाली नाहीं. पॅरिसच्या बधिरशाळेनें मात्र आपलें दार मोकळें ठेविलें. तेथील लॉरां क्लेर्क हे शिक्षक स्वतः बधिर होते. १८१६ मध्यें ते गॅलोडेट यांच्याबरोबर अमेरिकेस निघाले.

तो सागरप्रवास ५२ दिवसांचा झाला. जहाजावर क्लेर्क इंग्रजी शिकत आणि पदवीधर गॅलोडेट त्यांच्यापाशीं खुणा शिकत. ॲलिसला आपलीं अक्षरें देण्यास निघालेला शिक्षक आतां तिच्यासारख्यांची भाषा घेऊं लागला होता.

१५ एप्रिल १८१७ रोजीं हार्टफर्ड येथें शाळा उघडली. ॲलिस तिची पहिली विद्यार्थिनी. फ्रेंच खुणा आणि मुलांनीं घरून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणांतून अमेरिकेची खूणभाषा वाढली. तींत जोडलेले तळहात उघडले कीं पुस्तक होतें. दूध काढल्याप्रमाणें मूठ दाबली कीं दूध. डोक्यावर थापटलें कीं टोपी. पण ती केवळ नक्कल नव्हे. तिला स्वतःचें व्याकरण आहे.

१८२१ मध्यें त्यांनीं सोफिया फाउलर या आपल्या बधिर विद्यार्थिनीशीं विवाह केला. १८३० मध्यें त्यांनीं मुख्याध्यापकपद सोडलें. त्याच वर्षाच्या अखेरीस, पित्यामागोमाग थोड्याच दिवसांत, ॲलिस वारली. तिचें वय पंचवीस होतें. १० सप्टेंबर १८५१ रोजीं गॅलोडेट निवर्तले. १८६४ मध्यें वॉशिंग्टन येथें बधिरांसाठीं महाविद्यालय सुरू झालें. त्याचे प्रमुख त्यांचे पुत्र एडवर्ड होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देशांतील बधिर बांधवांचीहि स्वतःची खूणभाषा आहे. आपल्या अंगणांत कोणी ॲलिस एकटी उभी दिसली, तर तिला शिकविण्याची घाई करूं नका. पाणी, पुस्तक, टोपी यांच्या खुणा आधीं तिच्याकडून शिकून घ्या.