दर शुक्रवारी रिकामे होणारे कोठार

रमजान सुरू झाला की घराघरांत आवराआवर होते. कपाटे उघडली जातात, जुने कपडे बाजूला निघतात, जकातीचा हिशेब मांडला जातो. साठवलेले बाहेर काढण्याचाच हा महिना. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांनी ही आवराआवर वर्षातून एकदा नव्हे, दर शुक्रवारी केली.

त्यांचा जन्म १२३८ च्या सुमारास बदायूँ येथे झाला. वडील लहानपणीच गेले. आई बीबी जुलेखा यांनी हलाखीत मुलाला वाढवले आणि शिकवले. घरात शिजवायला काहीच नसले, की आपण आज अल्लाहचे पाहुणे आहोत, असे त्या मुलाला सांगत. या बोलण्यात लहानग्या निजामुद्दीनला इतकी गोडी वाटे, की सलग काही दिवस घरात धान्य असले तर आई ते वाक्य पुन्हा कधी म्हणेल याची तो वाट पाही. रिकाम्या घराची भीती त्याच्या मनातून गेली ती तेव्हाच.

पुढे शिक्षणासाठी मायलेक दिल्लीला आले. निजामुद्दीन नावाजलेले विद्यार्थी होते. काजीचे पद मिळावे, अशी त्या वयात त्यांची इच्छाही होती. पण विसाव्या वर्षी ते अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टनला, बाबा फरीद यांच्याकडे गेले आणि ती इच्छा मागे पडली. बाबांनी त्यांना आपला खलिफा करून दिल्लीला परत पाठवले.

दिल्लीत बरीच वर्षे त्यांना स्वतःचे घर नव्हते. आज इथे, उद्या तिथे असे दिवस गेले. एकदा राहते घर तातडीने सोडावे लागले. न्यायला सामान काय, तर पुस्तके. ती डोक्यावर घेऊन मंडळी बाहेर पडली आणि एका मशिदीत त्यांनी आसरा घेतला. शेवटी शहराच्या गर्दीपासून दूर, यमुनेकाठच्या गयासपूर या खेड्यात ते स्थिरावले. आज त्या भागाला त्यांचेच नाव आहे.

गयासपूरचे सुरुवातीचे दिवस उपासमारीचे होते. सुलतान जलालुद्दीन खिलजीने खानकाहच्या खर्चासाठी गावे देऊ केली. भुकेने कासावीस झालेल्या काही मुरीदांना ती घ्यावीत असे वाटले. शेखसाहेबांनी जुन्या सोबत्यांचे मत विचारले. जहागीर घेतली तर या घरचे पाणीही पिणार नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा शेखसाहेबांना समाधान वाटले. जहागीर नाकारली गेली. चिश्ती परंपरेचा नियमच तसा होता: न मागता कोणी काही आणून दिले, त्याला फुतूह म्हणत, तर घ्यावे, पण ते साठवू नये.

पुढे फुतूहचा ओघ सुरू झाला. धान्य, कापड, रोकड येई आणि त्याच वेगाने गरजूंच्या हाती जाई. लंगरात रोज असंख्य लोक जेवत. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी कोठार पूर्ण रिकामे करून झाडून घेतले जाई. स्वतः शेखसाहेब जवळजवळ वर्षभर रोजे धरत. सहरीला सेवक ताट आणी तेव्हा त्यांचे डोळे भरून येत. मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर कितीतरी माणसे उपाशी झोपली आहेत, या विचाराने घास घशाखाली उतरत नसे.

न साठवण्याचा खरा कस १३२० नंतर लागला. थोडे महिने तख्तावर बसलेल्या खुसरो खानाने राज्याचा खजिना उधळताना दिल्लीच्या सूफींनाही मोठ्या रकमा पाठवल्या होत्या. शेखसाहेबांकडे ५ लाख टंके आले होते, असे सांगतात. नंतर सुलतान झालेल्या गयासुद्दीन तुघलकाने ते पैसे परत मागितले. ज्यांनी रक्कम जपून ठेवली होती, त्यांनी ती परत केली. गयासपूरच्या कोठारात मात्र काहीच नव्हते; सगळे पैसे केव्हाच गरिबांत वाटले गेले होते. सुलतानाची नाराजी ओढवली, पण खानकाहची दिनचर्या बदलली नाही.

स्वतःच्या माणसांनाही त्यांनी सूट दिली नाही. वयस्क मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब बसायला घोंगडीची घडी घेतात, हे कानावर आले, तेव्हा त्यात त्यांना गादीवर बसण्याची हौस दिसली आणि ते रागावले. अमीर खुसरोंनी मध्यस्थी केल्यावरच माफी मिळाली. हेच बुऱ्हानुद्दीन पुढे दख्खनेत दौलताबादला आले. त्यांची मजार आपल्या खुलदाबादेत आहे. शेखसाहेबांच्या मजलिसींची नोंद ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जीही तिथेच विसावले आहेत.

१३२५ साली अखेरचे आजारपण आले. घरात काहीही शिल्लक ठेवू नका, असा हुकूम त्यांनी दिला. सेवक इक्बालने सगळे वाटले, फक्त खानकाहतील दरवेशांसाठी काही दिवसांचे धान्य राखून ठेवले. हेतू चांगलाच होता. तरी शेखसाहेब नाराज झाले. लोकांना बोलावून कोठाराची दारे फोडायला लावली, धान्य न्यायला सांगितले आणि मग जागा झाडून घ्यायला लावली. थोडेफार कपडे होते तेही खलिफांना दिले. बाबा फरीदांकडून मिळालेला खिरका, मुसल्ला, तसबीह आणि लाकडी वाडगा शेख नसीरुद्दीन चिराग यांच्याकडे गेला.

त्यानंतर त्यांनी डोळे मिटले. आज त्यांच्या दर्ग्यात रमजानच्या संध्याकाळी इफ्तारसाठी माणसांची रांग लागते. आलेले अन्न तिथे अजूनही वाटले जाते.

ईदपूर्वीच्या आवराआवरीत कपाटातला एखादा कप्पा रिकामा झाला, तर तो लगेच भरण्याची घाई नको. त्यातून निघालेली वस्तू योग्य हाती पोहोचली, की घरही मोकळे होते आणि मनही.