नाव वेगळे, फाईल वेगळी : डेनिस रिची

सर्व्हरची डिस्क अर्धी रिकामी असते आणि तरीही नवी फाईल लिहायला गेले की जागा शिल्लक नसल्याचा संदेश येतो. दुसऱ्या एखाद्या दिवशी नेमके उलटे घडते. कित्येक जीबीची लॉग फाईल पुसली जाते, यादीतून नाहीशीही होते, पण डिस्कवरची मोकळी जागा एका बाईटनेही वाढत नाही. युनिक्स किंवा लिनक्सवर चालणारे साठवणीचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ही कोडी चांगलीच परिचयाची आहेत. त्यांचे उत्तर १९६९ साली न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेच्या फळ्यावर आकाराला आलेल्या एका आराखड्यात सापडते. केन थॉम्पसन, रुड कॅनडे आणि डेनिस रिची हे त्या आराखड्याचे तीन कर्ते.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल प्रयोगशाळेतच शास्त्रज्ञ होते. टेलिफोनच्या स्विचिंग मंडलांवर त्यांचा अधिकार होता. डेनिस यांनी हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे उपयोजित गणितात संशोधन केले. १९६८ मध्ये प्रबंध लिहून झाला, पण त्याची बांधीव प्रत विद्यापीठाला सादर करायची राहिली ती राहिलीच. त्यामुळे डॉक्टरेट मिळाली नाही. तोवर, १९६७ मध्ये, ते वडिलांच्याच संस्थेत रुजू झाले होते.

त्या वेळी बेल प्रयोगशाळा एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासह मल्टिक्स नावाची महत्त्वाकांक्षी प्रणाली उभारत होती. १९६९ मध्ये बेलने त्यातून अंग काढून घेतले. अनेकांनी एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करावे, फाईली वाटून घ्याव्यात, ही सोय हातची गेली. थॉम्पसन यांनी फारसा कोणी वापरत नसलेला एक पीडीपी-७ संगणक मिळवला आणि फळ्यावरचा आराखडा त्यावर उतरवला. त्या रचनेचे श्रेय मुख्यतः थॉम्पसन यांचे, हे रिची यांनी पुढे स्वतःच नमूद केले. टर्मिनल किंवा टेपसारखे उपकरणही फाईलप्रमाणेच उघडता-वाचता यावे, ही कल्पना मात्र रिची यांची. आजही डिस्क नव्याने बसवताना आपण ‘डेव्ह’ या डिरेक्टरीत तिचे नाव शोधतो, ते याच कल्पनेमुळे.

आराखड्याचे मर्म असे, की फाईलचे नाव म्हणजे फाईल नव्हे. डिरेक्टरीत फक्त नाव आणि एक क्रमांक असतो. पीडीपी-११ वरील सुरुवातीच्या युनिक्समध्ये ही नोंद अवघी १६ बाईटची होती : २ बाईट क्रमांकाला, १४ नावाला. मालक कोण, परवानग्या कोणत्या, आकार किती, मजकूर डिस्कच्या कोणत्या ठोकळ्यांत आहे, हे सारे त्या क्रमांकाच्या ‘आय-नोड’मध्ये लिहिलेले असते. एकाच आय-नोडला अनेक नावे असू शकतात आणि त्यांतले कोणतेही मुख्य नसते. शेवटचे नाव पुसले गेले आणि फाईल कोणत्याही प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली नसली, तरच जागा मोकळी होते.

आता लॉग फाईलचे कोडे सुटते. नाव गेले, पण ती लिहिणारा प्रोग्रॅम अजून तिला धरून बसला आहे. तो बंद करून पुन्हा सुरू केला, की जागा परत मिळते. पहिल्या कोड्यात ठोकळे शिल्लक असतात. संपलेले असतात ते आय-नोड. ईएक्सटी-४ सारख्या फाईल सिस्टीममध्ये त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. कोट्यवधी चिमुकल्या फाईली येणार असतील तर विचार तेव्हाच करायला हवा, नंतर हळहळून उपयोग नाही. एक्सएफएस गरजेप्रमाणे नवे आय-नोड घडवते, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

थॉम्पसन आणि रिची यांनी १९७४ मध्ये युनिक्सची ओळख करून देणारा निबंध प्रसिद्ध केला. आय-नोडची सलग यादी नुसती ओळीने तपासली तरी फाईल सिस्टीम शाबूत आहे की नाही हे कळते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. प्रत्येक ठोकळा एक तर वापरात हवा किंवा मोकळा हवा. दोन्हींत किंवा दोन्हींबाहेर असता कामा नये. वीज गेल्यानंतर चालवला जाणारा, बेलमध्येच टेड कोवाल्स्की यांनी लिहिलेला ‘एफएससीके’ हा प्रोग्रॅम असल्याच तपासणीवर उभा आहे. निनावी झालेल्या फाईली तो ‘लॉस्ट अँड फाऊंड’मध्ये आणून ठेवतो. फक्त, डिस्क आधी अनमाऊंट करावी. चालू डिस्कवर दुरुस्ती करण्याची घाई अनेकांना भोवलेली आहे.

त्याच निबंधात लेखकांनी एक अडचणही मोकळेपणाने मांडली : एका फाईलला अनेक नावे असतील आणि सारे वाटेकरी समान असतील, तर जागेचे भाडे कोणाकडून घ्यायचे? रचनेत याहून मोठी उणीवही होती. सारे आय-नोड एका टोकाला, मजकूर दूर कुठेतरी; डिस्कचे वाचनशीर्ष येरझाऱ्या घालून दमे आणि डिस्कच्या क्षमतेच्या जेमतेम दोन टक्के वेग पदरी पडे. बर्कलीच्या मार्शल मॅक्युसिक व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या रचनेत आय-नोड मजकुराजवळ आणले आणि सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कभर पसरवल्या. आज मूळ सुपरब्लॉक खराब झाला तरी डिस्क वाचते, ती अशा प्रतींमुळे. आय-नोड मात्र त्यांनीही ठेवला.

रिची यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते सी भाषेमुळे. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि प्रणाली एका यंत्राच्या दावणीतून सुटली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासह लिहिलेले सी भाषेचे पुस्तक आले, १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही. स्वभावाने ते संकोची, प्रसिद्धीपासून दूर राहणारे. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत असत. आठवड्यापूर्वीच स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि वृत्तपत्रांचे रकाने त्यांच्या आठवणींनी भरलेले होते. रिची यांची बातमी मित्रांकडून मित्रांकडे गेली. हरवल्यासारखा झालेला त्यांचा तो प्रबंध पुढे कुटुंबीयांकडे सापडला आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने तो सर्वांसाठी खुला केला.